तलावाचा फुगवटा रस्त्यावर येण्याआधी: पातळी, सांडवा आणि भराव यांची कामे

मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी 680 मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे गावागावांत एप्रिलपासून टँकरचे नियोजन होते, पण तलाव भरून वाहिला तर काय, याचा कागद क्वचितच कोणाकडे असतो. इथला जोराचा पाऊस पुष्कळदा ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरात येतो. तोवर पाझर तलाव, साठवण तलाव काठोकाठ झालेले असतात आणि काळी जमीन पाणी पिऊन तट्ट फुगलेली असते. पडलेला बहुतेक पाऊस मग वाहूनच येतो. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या परिसरातल्या गावांत पाणी शिरले आणि सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडे अतिवृष्टीने रस्ते तुटले. हे पाहिल्यावर तलावाकाठच्या प्रत्येक गावाने आपली तयारी मे महिन्यातच करायला हवी.

नदीचा पूर तासाभरात येतो. तलावाचा फुगवटा, म्हणजे भरलेल्या तलावाचे मागे पसरणारे पाणी, मात्र सेंटिमीटर-सेंटिमीटरने चढतो आणि कोणत्या पातळीला तो कुठे पोचणार, हे आधी मोजून ठेवता येते. म्हणून पुढची सगळी कामे एका मापावर उभी आहेत.

पहिले काम: गावाचा शून्य ठरवा

सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर पडायची वाट. त्या सांडव्याचा माथा म्हणजे शून्य. रस्ता, मोरी, शाळेचा उंबरठा, डीपीचा चबुतरा, पाणीपुरवठ्याची विहीर, अशा सगळ्याची उंची या शून्यापासून सेंटिमीटरमध्ये लिहायची. समुद्रसपाटीपासूनचे आकडे अभियंत्याच्या नकाशात असतात आणि ते हवेतच. पण रात्री दोन वाजता गावकऱ्याला "सांडव्यावर 60 सेंटिमीटर पाणी" हेच कळते.

शून्य गावभर नेण्याची सगळ्यात स्वस्त पद्धत तलावच देतो. तलाव भरून सांडव्यावरून जेमतेम पाण्याचा पापुद्रा वाहत असेल, वारा पडलेला असेल, अशा सकाळी पाणी जिथे जिथे टेकले आहे ती कड शून्यावर आहे असे धरायला हरकत नाही. तेवढ्या वेळात काठाने चालत जाऊन दर 50 मीटरवर खुंट्या ठोका. नाल्यातून जोराचे पाणी येत असताना हे करू नका. फुगवट्याच्या शेपटीला, म्हणजे नाला तलावात शिरतो तिथे, तेव्हा पाणी भिंतीजवळच्यापेक्षा उंच असते आणि माप चुकते.

खुंटीपासून रस्त्यापर्यंत किंवा घरापर्यंत उंची नेण्यासाठी गवंड्याची पाणसळ पुरते. आठ-दहा मिलिमीटर व्यासाची 20 मीटर पारदर्शक नळी घ्या, रंगीत पाण्याने भरा. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप दोन-चार सेंटिमीटरने फसते. त्यामुळे मोजण्याआधी दोन्ही तोंडे शेजारी धरून पाणी एका रेषेत येते का ते पाहा. गेलेल्या वाटेने परत येऊन मोजा. फरक तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त आला तर पुन्हा करा. रस्ता उचलण्याचे अंदाजपत्रक करायचे असेल, तेव्हा मात्र ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून अभियंत्याकडूनच मोजणी करून घ्या.

मोजणी झाली की एक यादी तयार होते, उदाहरणार्थ: स्मशानभूमीची वाट +20, रस्त्याचा सगळ्यात खोलगट भाग +65, मोरीचा स्लॅब +90, खालच्या गल्लीतले पहिले घर +110. ही यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. भिंतीजवळच्या विमोचकाच्या (कालव्यात पाणी सोडायच्या दाराच्या) मनोऱ्यावर किंवा पक्क्या खांबावर तोच शून्य धरून दर 10 सेंटिमीटरला लाल-पांढरी पट्टी काढा आणि रात्री बॅटरीच्या उजेडात वाचता येईल एवढे अंक लिहा.

पाणी किती चढेल, याचा हिशोब

एक चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लाख घनमीटर पाणी होते. समजा तलावाचे पाणलोट 10 चौरस किलोमीटर आहे, जमीन आधीच भिजलेली आहे आणि 100 मिलिमीटरपैकी 60 टक्के पाणी वाहून आले. म्हणजे 6 लाख घनमीटर. तलावाचा पसारा 40 हेक्टर असेल आणि पाणी बाहेर पडलेच नाही, तर पातळी दीड मीटरने चढेल. प्रत्यक्षात सांडवा वाहतो, म्हणून खरा प्रश्न सांडवा किती पाणी काढतो हा आहे.

रुंद माथ्याच्या सांडव्यासाठी साधा हिशोब असा: 1.7 × सांडव्याची लांबी × पाण्याची उंची × उंचीचे वर्गमूळ. लांबी-उंची मीटरमध्ये, उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये. ते 35.3 ने गुणले की क्युसेक, म्हणजे सेकंदाला घनफूट.

वरचे 6 लाख घनमीटर सहा तासांत सारख्या ओघाने आले असे धरा. सेकंदाला सुमारे 28 घनमीटर. सांडवा 30 मीटर लांब आणि मोकळा असेल तर माथ्यावर 67 सेंटिमीटर पाणी चढले की तेवढा ओघ बाहेर पडतो. तोच सांडवा बेशरमीने, बाभळींनी आणि गाळाने निम्मा बुजला असेल, तर तेवढेच पाणी काढायला 1 मीटर 6 सेंटिमीटर चढावे लागते. वरच्या यादीत पाहा: पहिल्या परिस्थितीत रस्त्याचा खोलगट भाग जेमतेम ओला होतो, दुसऱ्यात मोरी बुडते आणि पाणी घराच्या उंबऱ्याशी येते. 40 सेंटिमीटरचा हा फरक दोन दिवसांच्या जेसीबीचा आणि कुऱ्हाडीचा आहे. रस्ता 40 सेंटिमीटर उचलायला लाखो रुपये लागतात.

सांडवा: सगळ्यात आधी खर्च इथे

तलाव कोणाच्या अखत्यारीत आहे ते शोधा. ढोबळमानाने 100 हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे 600 हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि मोठे जलसंपदा विभागाकडे असतात. ग्रामसभेचा ठराव जोडून शाखा अभियंत्याला पत्र द्या, पोच घ्या. सांडव्यावर हात लावण्याआधी त्यांची लेखी संमती हवी, कारण माथा चुकून खरवडला गेला तर तलावच रिकामा होऊ शकतो.

साफ करताना तीन जागा पाहा. माथा, माथ्याकडे पाणी येण्याचा रस्ता आणि खालचा पुच्छ कालवा. लोक माथा साफ करतात आणि पुच्छ कालवा विसरतात. तो पुढे कोणाच्या तरी शेतात बुजवलेला किंवा बांध घालून वळवलेला असतो. मग पाणी मागे तुंबते आणि सांडवा मोकळा असूनही निम्म्याच ताकदीने वाहतो. बेशरम नुसती कापून चालत नाही. कापलेल्या फांद्या तिथेच पडल्या तर ओलीत पुन्हा फुटतात. मुळासकट काढून पाण्यापासून लांब नेऊन वाळवा.

सांडव्यावर वाळूची पोती, फळ्या किंवा विटांचा थर रचून रब्बीसाठी "थोडे जास्त पाणी" अडवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. हे करू नका, कोणी केले असेल तर पावसाळ्याआधी काढा. 30 सेंटिमीटरचा थर म्हणजे वरच्या हिशोबातले 67 चे 97 होतात. तेवढे पाणी केवळ रस्त्यावर येते असे नाही, ते मातीच्या भिंतीच्या माथ्याजवळ जाते. मातीची भिंत वरून पाणी ओसंडायला बांधलेलीच नसते. एकदा माथ्यावरून धार पडली की खालचा उतार खणला जातो आणि भिंत फुटते. मग फुगवट्याकडचे गाव सुटते आणि खालचे गाव वाहून जाते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. गाळ काढला की पूर टळेल असे समजले जाते. गाळमुक्त धरण योजनेतून गाळ काढणे पाणीसाठ्यासाठी आणि शेतासाठी चांगलेच आहे. पण तो खड्डा सांडव्याच्या माथ्याखाली असतो आणि सप्टेंबरात तो आधीच भरलेला असतो. पाणी सांडव्याच्या माथ्याला आले की वरचे सगळे सांडव्याच्याच भरवशावर. गाळ काढताना भिंतीच्या पायथ्याजवळ मशीन नेऊ देऊ नका. तिथे खणले की पाझर वाढतो.

रस्ता उचलायचा असेल तर

काळी माती भरावात नको. तलावातला गाळ फुकट मिळतो म्हणून तो रस्त्याला टाकणे ही या भागातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. उन्हाळ्यात त्याला हातभर भेगा पडतात, पावसाळ्यात त्या भेगांतून पाणी पोटात जाते आणि भराव पिठल्यासारखा होतो.

मातीचा संशय असेल तर फुगाऱ्याची साधी चाचणी कॉलेजच्या किंवा खात्याच्या प्रयोगशाळेत होते. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली वाळलेली माती 10-10 ग्रॅम दोन मोजनळ्यांत घेतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. हवेचे बुडबुडे ढवळून काढतात आणि 24 तासांनी माती किती घनसेंटिमीटर झाली ते वाचतात. रॉकेलमध्ये 10 आणि पाण्यात 16 आले, तर फुगारा 60 टक्के. 50 च्या वरची माती भरावाला नाकारा. कठीण मुरूम आपल्याकडे दख्खनच्या पठाराने भरपूर दिला आहे, तोच वापरा.

उंचीचा नियम असा. सबग्रेडचा, म्हणजे खडी-डांबराखालच्या दाबलेल्या मातीच्या थराचा, तळ अपेक्षित सर्वोच्च पाण्यापेक्षा किमान 60 सेंटिमीटर वर असावा. पाणी महिनोन्महिने टेकून राहत असेल तर 1 मीटर. पाणी फक्त डांबराखाली असून भागत नाही. ते भरावात वर झिरपते आणि रस्ता कोरडा दिसत असताना आतून मऊ होतो.

जुन्या 1 मीटर उंचीच्या भरावावर आणखी 1 मीटर चढवायचे, माथा 6 मीटर, पाण्याकडचा उतार अडीचास एक, दुसरीकडचा दोनास एक. 300 मीटर लांबीला दाबलेला भराव सुमारे 3,800 घनमीटर लागतो. सुटा मुरूम सव्वापट धरला तर 4,800 घनमीटर, म्हणजे जवळपास 1,700 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). पाच ब्रासच्या हायवाने 340 खेपा. हा आकडा ठेकेदाराच्या बिलाशी ताडून पाहायला गावाला उपयोगी पडतो.

नवा मुरूम जुन्या उतारावर नुसता ओतला तर पहिल्याच पावसाळ्यात दोन थरांच्या सांध्यातून घसरतो. जुन्या उतारावरचे गवत-मुळ्या काढून पायऱ्या कोरायच्या आणि नवा थर त्या पायरीवर बसवायचा. सुटा थर 20 सेंटिमीटर, रोलरने दाबून 15. पाणी किती घालायचे? मूठभर मुरूम दाबून गोळा झाला, हात ओला झाला नाही आणि टाकल्यावर गोळा दोन-चार तुकड्यांत फुटला, तर ओल साधारण बरोबर. खात्री घनतेच्या चाचणीनेच होते. ती प्रत्येक थराची मागा. अगदी कडेचा भाग रोलर टाळतो, म्हणून भराव 30 सेंटिमीटर जास्त रुंद करून नंतर तासून घ्या.

पाण्याकडच्या उताराला दगडी पिचिंग हवे. आधी 15 सेंटिमीटर बारीक खडी-मुरमाचा गाळणथर, त्यावर 30 सेंटिमीटर जाडीचे काळ्या पाषाणाचे दगड, उभे आणि एकमेकांत घट्ट बसवलेले, मधल्या फटींत चिपा ठोकून. गाळणथर टाकायचा टाळला की लाटा दगडांच्या मागची माती चोखून नेतात; पिचिंग जागच्या जागी दिसते आणि मागे पोकळी झालेली असते. पायथ्याला दगडाचा खोल पाया द्या. नाथसागरासारख्या (जायकवाडीचा जलाशय) मोठ्या पाण्यावर वाऱ्याला लांब पट्टा मिळतो, तिथे पिचिंग सर्वोच्च पाण्याच्या वर आणखी मीटरभर न्या.

पैसा नसेल तर रस्ता बुडू द्या, पण तुटू देऊ नका. सगळा रस्ता उचलण्याऐवजी खोलगट 30-40 मीटर काँक्रीटची फरशी करा आणि पाणी ज्या बाजूने खाली पडते तिथे किमान मीटरभर खोल काँक्रीटची आडभिंत घाला. फरशी फुटते ती बहुतेकदा या बाजूने, खालून खणली जाऊन. दोन्ही कडांना दर तीन मीटरवर खांब आणि मधोमध खोलीची पट्टी लावा.

मोऱ्या

फुगवट्याचा फाटा ओलांडणारा रस्ता नकळत बंधारा होतो. एका बाजूचे पाणी दुसऱ्या बाजूपेक्षा हातभर उंच राहिले की ते रस्त्याच्या पोटातून वाट काढते. दोन्हीकडची पातळी सारखी ठेवणारे पाइप म्हणून आवश्यक. 900 मिलिमीटरपेक्षा लहान पाइप टाकू नका, आत माणूस शिरून साफ करू शकत नाही. पाइपाभोवती मुरूम दोन्ही बाजूंनी सारखा, हाताने ठोकून भरा. दोन्ही तोंडांना दगडी भिंत बांधा, नाहीतर पाणी पाइपाच्या आतून न जाता बाहेरून जाते आणि एके सकाळी पाइप उघडे पडलेले दिसतात.

सप्टेंबरात मोरी बुजवणारी गोष्ट म्हणजे पिकाचा पाचोळा, गुळी आणि गंजी. नाल्याच्या काठावर रचलेली गंजी एका पुरात मोरीच्या तोंडाशी येते. नाल्यापासून लांब गंजी लावायचा नियम ग्रामसभेत करा. मोरीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवू नका. ती पहिल्या तासात बंद होते. त्याऐवजी दहा मीटर वर नाल्यात हातभर अंतराने खांब ठोका, म्हणजे मोठा कचरा तिथे अडेल.

पाणी चढत असताना

महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी. तेव्हापासून पट्टीचे वाचन दर तासाला, दोघांनी मिळून, वहीत वेळेसह. चढण्याचा वेग महत्त्वाचा. तासाला 8 सेंटिमीटर चढत असेल आणि रस्त्याला 40 उरले असतील, तर हातात पाच तास आहेत. जायकवाडी, माजलगाव, मांजरा यांसारख्या दरवाजांच्या धरणाजवळ असाल तर विसर्गाचा निरोप जिल्हा नियंत्रण कक्षाकडून, 1077 वर, पडताळून घ्या. व्हॉट्सअॅपवर जुने निरोप फिरत असतात.

पोत्यांचा बांध घालायचा तर घरांभोवती किंवा रस्त्याच्या लहानशा खोलगट तुकड्यावर. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत 30 किलो मुरूम किंवा वाळू भरा, तोंड न बांधता दुमडा. ठासून भरलेली गोणी गोल राहते आणि फटी पडतात. बांधाच्या पायाची रुंदी उंचीच्या तिप्पट. 60 सेंटिमीटर उंच, 100 मीटर लांब बांधाला सुमारे 3,000 गोण्या लागतात. एवढ्या गोण्या ऐनवेळी मिळत नाहीत, जूनमध्येच जमवा. पाण्याकडून शेततळ्याचा जुना 500 मायक्रॉनचा कागद घाला, त्याची खालची कड वीतभर चरात गाडा.

तलावाच्या भिंतीच्या किंवा रस्त्याच्या कोरड्या बाजूने पाणी झिरपू लागले तर आधी त्याचा रंग पाहा. स्वच्छ असेल तर खूण करून दर अर्ध्या तासाला पाहत राहा. गढूळ असेल तर आतली माती वाहून येते आहे. ताबडतोब अभियंत्याला कळवा आणि खालच्या वस्तीला हलवायला सुरुवात करा. अशा झऱ्यावर काळी माती किंवा पोती कोंबून तोंड बंद करू नका. पाणी आतच दाबले जाते आणि दुसरीकडून फुटते. त्यावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठे दगड असा थर टाका, म्हणजे पाणी निघेल आणि माती थांबेल. भोवती गोण्यांचे कडे करून आतले पाणी थोडे चढू दिले तरी जोर कमी होतो. भिंत किंवा सांडवा स्वतः फोडून पाणी सोडण्याचा विचारही करू नका.

काठावरच्या मोटारींकडे विशेष लक्ष हवे. प्रत्येक तलावाच्या काठाला डझनावारी स्टार्टर लाकडी फळीवर टांगलेले आणि केबल पाण्यात पडलेल्या असतात. पाणी +10 ला पोचायच्या आत महावितरणला सांगून त्या रोहित्रावरचा पुरवठा बंद करून घ्या. मोटार वाचवायला अंधारात पाण्यात उतरू नका, इतरांनाही उतरू देऊ नका.

रस्ता बंद करायचा निर्णय आधीच लिहून ठेवा. वाहते पाणी 15 सेंटिमीटर झाले की माणसाचा पाय निसटतो, 30 ला छोटी गाडी तरंगते, 60 ला ट्रॅक्टरच्या भरवशावरही जाऊ नये. दोन्ही टोकांना माणूस उभा करा. नुसते काटेरी झुडूप आडवे टाकून कोणी थांबत नाही. त्याआधी गरोदर बाया, डायलिसिसचे रुग्ण, अंथरुणावरचे म्हातारे रस्त्याच्या पलीकडे नेलेले असावेत. आखाड्यावर आणि शेतवस्तीवर राहणाऱ्यांना निरोप सगळ्यात उशिरा पोचतो, म्हणून प्रत्येक आखाड्यासाठी एक माणूस नेमा. मंदिर-मशिदीचे भोंगे आणि दवंडी, दोन्ही ठेवा. वीज गेली की भोंगा मुका होतो. जनावरांची दावी सोडा. गोठ्यात बांधलेले जनावर पाण्यात उभ्या उभ्या मरते, सुटलेले बहुधा उंचावर जाते.

पाणी उतरताना

भराव चढत्या पाण्यात टिकतो आणि उतरत्या पाण्यात ढासळतो. पाणी बाहेरून टेकलेले असते तेव्हा तेच उताराला आधार देत असते. ते झपाट्याने ओसरले की आधार जातो, पण भरावाच्या पोटातले पाणी तिथेच असते. जड झालेला उतार मग खाली सरकतो. म्हणून ओसरू लागल्यावर पहिले आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ रस्त्याची कड पाहा. कडेला समांतर, लांबट भेग दिसली की त्या बाजूची अर्धी रुंदी वाहनांना बंद करा. भेग ताडपत्रीने झाका, पावसाचे पाणी आत जाऊ देऊ नका, आणि उताराच्या पायथ्याला मोठे दगड टाकून वजन द्या. माथ्यावर मुरूम टाकून भेग बुजवणे म्हणजे घसरणाऱ्या उतारावर आणखी भार टाकणे.

रस्ता उघडण्याआधी डांबरावर पहारीने दर मीटरवर ठोकत चाला. पोकळ आवाज आला तिथे खाली माती गेलेली आहे. डांबर फोडा, खडी-मुरमाने थर करून भरा. मोऱ्यांच्या दोन्ही टोकांना हे हमखास सापडते. आधी दुचाकी, मग रिकामी गाडी. ऊस आणि मुरमाच्या गाड्या भराव वाळेपर्यंत थांबवा. सप्टेंबरच्या पाण्यातून वाचलेला रस्ता नोव्हेंबरात उसाच्या ट्रॉल्यांनी चिरडला जातो, कारण आतली ओल अजून गेलेली नसते. कारखान्याच्या शेतकी विभागाला तोडणी सुरू होण्याआधीच पत्र देऊन पर्यायी वाट ठरवा.

बुडालेली विहीर उपसून स्वच्छ करा आणि नंतर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घाला. 6 मीटर व्यासाच्या विहिरीत 5 मीटर पाणी म्हणजे सुमारे 1 लाख 41 हजार लिटर, त्याला साधारण 350 ग्रॅम. पावडर बादलीत कालवून निवळी ओता, गाळ बाहेर टाका, अर्धा तास थांबा, आणि ग्रामपंचायतीकडच्या संचाने क्लोरीन तपासल्यावरच पाणी भरा.

भिंतींवर गाळाची रेघ वाळून पुसली जाण्याआधी, पहिल्याच आठवड्यात, या वर्षीचे सर्वोच्च पाणी पाच-सहा ठिकाणी तारखेसह ऑइलपेंटने नोंदवा. त्यांची उंची गावाच्या शून्यापासून मोजा आणि ती यादी फोटोंसह तहसील, बांधकाम विभाग आणि तलावाच्या खात्याला द्या. पुढच्या वर्षीचे अंदाजपत्रक याच आकड्यांवरून बनवायला सांगा.